आवाजाची गॅरंटी

आवाज खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, कागद बोलतो, जुनी गाडी विकणारा तर पोरांच्या शपथा घेऊन बोलतो. पण गाडीच्या नळीतून येणारा आवाज खऱ्याशिवाय दुसरं काही सांगत नाही. या सिद्धांतावर सैफुद्दीन मिस्त्रीने शेलूबाजारात हायवेच्या कडेला एकतीस वर्षं सायलेन्सरचं दुकान चालवलं. त्यातली शेवटची तीन वर्षं त्याला आवाज ऐकूच येत नव्हता, एवढीच काय ती सिद्धांतातली अडचण.

दुकानाच्या पाटीवर नावाखाली लाल अक्षरांत ‘आवाजाची गॅरंटी’ असं लिहिलेलं होतं. ती ओळ सैफुद्दीनने सांगितली नव्हती. पेंटरकडे जागा उरली होती आणि लाल रंगही उरला होता. पण एकदा लिहिल्यावर ती निभावणं आलं, आणि सैफुद्दीनने ती अठ्ठावीस वर्षं खरोखर निभावली. गाडी पुलापाशी असतानाच तो सांगायचा की गॅस्केट गेलंय की मधली जाळी सुटलीय. लोक मुद्दाम गाडी वळवून त्याच्याकडे यायचे.

कान गेले ते एका दिवसात गेले नाहीत. आधी चिमण्या गेल्या. मग मोबाईलची रिंग गेली. मग बायकोचं, सुगराबीचं, आतल्या खोलीतून बोलणं गेलं. त्याची त्याने सुरुवातीला फारशी तक्रार केली नाही. मग एक दिवस भोकं पडलेल्या सायलेन्सरचा ट्रॅक्टर दारात येऊन थांबला आणि तो सैफुद्दीनला धुरावरून कळला. त्या दिवशी तो जेवला नाही.

शेलूबाजारात ही गोष्ट झाकणं मात्र अवघड नव्हतं. रात्रंदिवस ट्रक जातात, त्यामुळे तिथे सगळेच ओरडून बोलतात. चहासुद्धा भांडल्यासारखा मागतात. उरलेलं काम समोरच्याच्या ओठांकडे बघून आणि मान डोलावून व्हायचं. धंद्यासाठी त्याने वेगळाच उपाय काढला होता. लांब पेचकसाचं टोक गरम नळीला टेकवायचं आणि मूठ दातांत धरायची. नळीची थरथर दातांतून थेट कवटीत उतरते, हा शोध त्याला योगायोगाने लागला होता. त्यात आवाज पूर्ण मिळायचा नाही, पण फुटकं कुठे आणि ढिलं कुठे एवढं कळायचं. गिऱ्हाइकांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला. मिस्त्री आता ऐकतसुद्धा नाही, नुसतं चाखून सांगतो, अशी कीर्ती झाली. मंगरूळपीरच्या एका मेकॅनिकने ही विद्या बघून उचलली. त्याचे कान ठणठणीत होते, त्यामुळे दातांतून त्याला काहीच कळेना. समोरच्या एका दाताचा टवका मात्र उडाला. तरी त्याने सोडलं नाही, कारण गिऱ्हाइकांना ते आवडत होतं.

सैफुद्दीनला भीती होती ती खुर्चीची. चौकात किसनसिंग घड्याळवाल्याचे हात कापायला लागले, तेव्हा त्याच्या मुलांनी दुकानाच्या तोंडाशी एक प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि बापाला त्यावर बसवलं. लोक येतात, किसनसिंगला रामराम करतात आणि त्याच्या अंगावरून आत मुलांकडे जातात. तो दिवसभर रस्त्याकडे बघतो. सैफुद्दीनचा मुलगा खालिद बत्तीस वर्षांचा होता, वेल्डिंगला बापापेक्षा सरस होता, आणि दुकानात एक प्लास्टिकची खुर्ची आधीच होती. कानांचं कळलं की ती खुर्ची दाराशी यायला एक मिनिट लागलं नसतं. मुलगा चांगला होता. चांगली मुलंच बापाला बसवतात.

अशात देवमन ड्रायव्हर आला.

देवमन जऊळक्याचा. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर घरी बसला असता तर वेडा झाला असता, असं त्याची बायको अंजना सांगायची, म्हणून त्याने एक जुनी डिझेल पिकअप घेतली आणि संत्र्याचा, भाजीचा माल वाहायला लागला. हा माणूस कानाचा पक्का म्हणून डेपोत प्रसिद्ध होता. गाडी फाटकातून आत येताना तो मेकॅनिकांना बेअरिंगचा नंबर सांगायचा, असं म्हणत. त्यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरलेलं पुष्कळ होतं. दोघांची ओळख पंचवीस वर्षांची, आणि सैफुद्दीनला आयुष्यात कुणाच्या कानांचा वचक वाटला असेल तर याच्याच.

पिकअपचा सायलेन्सर दीड वर्षापासून फुटलेला होता. गाडी थ्रेशरसारखी बोंबलत चालायची. शेवटी मालेगावच्या अलीकडे एका ब्रेकरवर तो मधून तुटला, आणि देवमनने तो तारेने बांधून आणला. कंपनीचा मागवायचा तर पंधरा दिवस थांबावं लागणार होतं, आणि संत्री पंधरा दिवस थांबत नाहीत. म्हणून अकोल्याच्या बाजारातला, दुसऱ्या कुणीतरी बनवलेला, पण पत्र्याने जाड असा सायलेन्सर बसवायचं ठरलं.

काम सोपं नव्हतं. जुने बोल्ट गंजून पट्टीशी एकजीव झाले होते. सैफुद्दीनने त्यांना डिझेल पाजलं, गॅसच्या ज्योतीने लाल केलं, तरी एक तुटलाच. तो ड्रिलने काढावा लागला. नव्या सायलेन्सरचं तोंड दोन बोटं आखूड निघालं. मग मध्ये नळीचा तुकडा जोडला, खालिदने त्याला असा टाका मारला की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. जोडाला नवं गॅस्केट, सायलेन्सर टांगायला नवे रबराचे लटकन. गाडी चालू केली, नळीच्या शेपटाला ओलं फडकं दाबून धरलं, प्रत्येक जोडावरून ओला तळहात फिरवला. कुठेही फुंकर लागली नाही. शेवटी पेचकस दातांत धरला. कवटीत एक गोल, शांत, भरलेली थरथर आली. असं काम वर्षाला दोन-तीनदाच होतं.

देवमन डोळे मिटून उभा होता. मग त्याने मान हलवली आणि म्हणाला, गाडी आहे की झोपलेलं लेकरू. सैफुद्दीनला हे त्याच्या ओठांवरून कळलं आणि दोन दिवस त्याला घास गोड लागला.

तिसऱ्या दिवशी पिकअप परत दारात.

देवमन रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो दुःखी होता. सैफुद्दीनला बाजूला घेऊन, घरातली गोष्ट सांगावी तसं त्याने सांगितलं की गाडी घुमते. बारीक घुमते, पण सारखी घुमते. पहिल्या दिवशी लक्षात आलं नाही. आता लक्षात आल्यापासून दुसरं काही लक्षातच येत नाही.

“मी तुले दोष नाही देऊन राह्यलो, मिस्त्री,” तो म्हणाला. “पण घुमते.”

सैफुद्दीन देवमनला शेजारी बसवून मंगरूळच्या रस्त्याने फाट्यापर्यंत गाडी घेऊन गेला. मागे हौद्यात खालिद. दर अर्ध्या किलोमीटरवर देवमन बोट वर करायचा, आत्ता, म्हणायचा, आणि सैफुद्दीन मान डोलवायचा. त्याला ना घुमणं ऐकू येत होतं ना इंजिन. परत आल्यावर त्याने पेचकस लावून नळी, चासी, केबिनचा पत्रा, सगळं चाखलं. काही नाही. मग त्याने खालिदला विचारलं. खालिद म्हणाला, “कुछ नहीं है, अब्बा. गाडी एकदम मस्त है.”

आणि इथे सैफुद्दीनने हिशेब मांडला. खालिदचे कान तरुण होते. देवमनला येतो तो आवाज खालिदला न येणं शक्य नव्हतं. म्हणजे खालिद खोटं बोलत होता. म्हणजे त्याला बापाच्या कानांचं कळलं होतं, आणि गिऱ्हाइकासमोर बापाची लाज राखायला तो देवमनसारख्या माणसाला खोटं ठरवत होता. सैफुद्दीनने मुलाकडे बघितलं. मुलगा हात पुसत होता. इतकं साधं तोंड करून खोटं बोलणारा मुलगा आपण वाढवला, याचं त्याला वाईटही वाटलं आणि थोडं भरूनही आलं.

त्याने लटकन बदलले. जास्त जाड रबर घातलं. देवमन गेला आणि चार दिवसांनी परत आला.

या वेळी तो जास्तच उतरला होता. झोप नीट होत नाही म्हणाला. त्याने अंजनालासुद्धा गाडीत बसवून वाशीमपर्यंत नेलं होतं, मुद्दाम, आवाज ऐकायला. ती म्हणाली, मले काई येत नाई. देवमनने यावरून तिचे कान गेले असा निष्कर्ष काढला होता आणि तिला अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं मनात होतं. अंजनाने दोन दिवसांपासून बोलणं टाकलं होतं, त्यामुळे घरात शांतता होती, आणि शांततेत तर तो आवाज जास्तच आठवतो, असं तो सांगत होता.

“गाडीतून उतरलो तरी डोकशात राह्यते ना बावा,” देवमन म्हणाला. “इतकी घुमते.”

एकतीस वर्षांत सैफुद्दीनच्या हातचा सायलेन्सर गिऱ्हाइकाच्या मागे घरापर्यंत गेला नव्हता. जो आवाज माणूस गाडीतून उतरल्यावरही सोडत नाही, तो आवाज केवढा असेल. आणि तो आपल्याला कणभर येत नाही, म्हणजे आपले कान कुठवर गेले असतील. आतापर्यंत तो अंदाजाने स्वतःला अर्धा बहिरा समजत होता. त्या दुपारी त्याने स्वतःला बढती दिली.

त्याने पुढचा जोड उघडला, तांब्याचं गॅस्केट टाकलं, सायलेन्सरला बाहेरून जाड पत्र्याचा अंगरखा घातला आणि मधल्या पोकळीत काचेचा कापूस कोंबला. गाडी इतकी गप झाली की समोरचा टायरवाला मदनसिंग उठून आला आणि चालू आहे का म्हणून विचारून गेला. देवमनने केबिनमध्ये बसून बराच वेळ ऐकलं. मग त्याने खिडकीतून हात बाहेर काढून, माफी मागावी तसा हलवला. होताच आवाज. उलट आता बाकी सगळं गप झाल्यामुळे तोच तेवढा येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जेवताना सैफुद्दीनने सुगराबीला विचारलं की खालिद काही बोलला का. ती त्याच्या बरोबर समोर बसली होती. गेली दोन-तीन वर्षं ती जेवताना त्याच्या बरोबर समोर बसायची, आणि बोलण्याआधी त्याच्या ताटाला बोट लावायची. ही नवी सवय तिला वयामुळे लागली असावी, असं सैफुद्दीन समजत होता. ती म्हणाली, “क्या बोलना था?” त्याने म्हटलं, काही नाही. तिने त्याच्याकडे बघितलं, आणखी काहीतरी बोलेल असं वाटलं, आणि मग तिने त्याच्या वाटीत डाळ वाढली. बाहेर पडताना तिने दाराशी उभं राहून काहीतरी म्हटलं. त्याची पाठ होती. त्याने नेहमीसारखा हात वर केला.

रस्त्याने येताना त्याच्या मनात किसनसिंगची खुर्ची होती. आता दोनच वाटा होत्या. आवाज सापडला तर ठीक. नाही सापडला तर देवमन उद्या मंगरूळच्या त्या टवका उडालेल्या दाताकडे जाईल, तो आवाज ऐकेल, दोन मिनिटांत काढेल, आणि संध्याकाळच्या आत दोन तालुक्यांत कळेल की शेलूच्या मिस्त्रीला स्वतःच्या हातचं घुमणं ऐकू येत नाही. आपल्या तोंडाने सांगावं, हा विचार त्याला याआधीही आला होता. पण तो विचार सकाळी यायचा आणि पहिलं गिऱ्हाईक आलं की उठून जायचा.

शुक्रवारी देवमनला पुन्हा बोलावलं होतं. सैफुद्दीनने ठरवलं होतं की सगळं उतरवायचं. इंजिनच्या तोंडापासून शेपटापर्यंत एकेक सांधा नव्याने बांधायचा, आणि चुकीला जागाच ठेवायची नाही. सकाळी आठपासून तो गाडीखाली होता. साडेबाराला सगळं जुळलं. नमाजला जाताना त्याने खालिदला सांगितलं की गाडी चालू ठेव, चांगली गरम होऊ दे, आल्यावर बघतो. खालिद काहीतरी बोलला. सैफुद्दीनने मान डोलावली आणि निघाला. मशिदीत त्याने बरंच काही मागितलं. कान मागितले नाहीत. या वयात ते जरा जास्त होईल असं त्याला वाटलं. फक्त तो आवाज बंद व्हावा, एवढंच मागितलं.

परत आला तेव्हा देवमन केबिनमध्ये बसलेला होता. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे मिटलेले. गाडीच्या खालून खालिदचे पाय दिसत होते. मदनसिंग आणि माल भरायला आलेला एक व्यापारी ओट्यावर चहा पीत होते. हायवेवरून ट्रक जात होते. देवमनने डोळे उघडले, सैफुद्दीनला बघितलं आणि त्याला बोटाने जवळ बोलावलं.

“ये. आता आयक,” तो म्हणाला. “आता त एकदम साफ येऊन राह्यला.”

सैफुद्दीन खिडकीशी गेला. कपाळ दाराच्या कडेला टेकेल इतका वाकला आणि उजवा, त्यातल्या त्यात बरा कान आत धरला. आत काहीही नव्हतं. कापूस भरल्यासारखं काहीही नव्हतं. तो तसाच वाकून राहिला. देवमन त्याच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात आशा होती, ती सैफुद्दीनला सोसवेना. पेचकस तीन पावलांवर पडला होता. त्याने तो उचलला नाही.

“देवमनभाऊ,” तो म्हणाला, “मले आयकू येत नाई.”

“कान लाव ना बावा नीट.”

“लावला. कानच गेले माये. तीन वर्सं झाले.”

हे तो मोठ्याने बोलला. बहिरी माणसं मोठ्यानेच बोलतात. ओट्यावरचा चहा थांबला. व्यापाऱ्याने मदनसिंगकडे बघितलं आणि मदनसिंगने पाटीकडे.

देवमनला ते पोचायला थोडा वेळ लागला. मग त्याने विचारलं, “अन् मंग इतके दिवस?”

“दातानं,” सैफुद्दीन म्हणाला.

देवमनने खिडकीतून हात काढून सैफुद्दीनच्या खांद्यावर ठेवला, जरा जड, ड्रायव्हर लोक गिअरवर ठेवतात तसा. त्याच्या तोंडावर राग नव्हता. सुटका होती. इतके दिवस बायकोने, खालिदने, अख्ख्या बाजाराने त्याला वेड्यात काढलं होतं, आणि आता निदान एकाने तरी कारण दिलं होतं.

“म्हंजे आवाज हाय,” तो म्हणाला. “तुलेच येत नाई. मी खोटं नोतो बोलत.”

“हाय,” सैफुद्दीन म्हणाला. “तुमी म्हणता त हायच. मंगरूळले जा. तो काढून देईन.” इतकी वर्षं ज्याची भीती होती ते बोलून झालं होतं, आणि हायवे जसा होता तसाच वाहत होता. त्याने मागे वळून खुर्ची कुठे आहे ते बघितलं. ती व्यापाऱ्याच्या बुडाखाली होती.

एवढ्यात खालिद गाडीखालून घसटत बाहेर आला. त्याच्या हातात पाना होता. त्याने बापाचे ओले डोळे बघितले, बापाच्या खांद्यावरचा देवमनचा हात बघितला, आणि काय झालं विचारलं.

“तू आयक, खालिद,” देवमन म्हणाला. “तुहे कान त चांगले हायेत. आता, या घडीले, येऊन राह्यला का नाई आवाज? खरं सांग. बापाची भीड नको धरू.”

खालिदने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बापाकडे. मग तो बराच वेळ पाना पुसत राहिला.

मागच्या लटकनला एक टाका मारायचा राहिला होता, आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवावी लागते. गाडी पाऊण तासापासून बंद होती.